चाचा कोणाला म्हणायचं?



आज मी तुमच्याशी समुद्राबद्दल बोलणार आहे. अमरावतीच्या माणसानं समुद्राबद्दल बोलावं याचं तुम्हाला हसू येईल. बरोबरच आहे. आपल्याकडे दर्यापूर नावाचा तालुका आहे, पण तिथं दर्या नाही. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट, पण म्हणून काही तिथं लाटा येत नाहीत. पूर्णेच्या पात्रात उन्हाळ्यात पाण्यापेक्षा वाळू जास्त. आमच्या पिढीतल्या कित्येक माणसांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, मुंबईला नातेवाइकाकडे गेल्यावर. आणि त्याच्याही आधी पाहिला तो टॉकीजमध्ये.

मी ज्या समुद्राबद्दल बोलणार आहे तोही टॉकीजमधलाच आहे.

२००६ सालची दिवाळीची सुट्टी. माझी धाकटी बहीण अकोल्याला दिलेली. तिचा मुलगा सुट्टीत आमच्याकडे अमरावतीला आला होता. सातवीत होता. मामाच्या गावाला आलेल्या भाच्याचे काही हक्क असतात, त्यातला एक सिनेमाचा. त्या वर्षी ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या इंग्रजी सिनेमाचा दुसरा भाग आला होता, ‘डेड मॅन्स चेस्ट’. आमच्या टॉकीजमध्ये तो हिंदी बोलत होता. मी त्याला सांगितलं, ‘‘चल बाबू, चाच्यांचा सिनेमा पाहू.’’

त्यानं विचारलं, ‘‘मामा, कोनाचे चाचे?’’

आता यात त्या पोराची काय चूक? आपल्या वऱ्हाडात चाचा म्हणजे काका. शेजारी चाचा असतो, सायकलवाला चाचा असतो, पंक्चर काढून देणारा चाचा असतो. समुद्रावर जहाज लुटणाऱ्याला मराठीत चाचा म्हणतात, हे पुस्तकातलं ज्ञान. मी त्याला अर्थ सांगितला. तो म्हणाला, ‘‘म्हंजे डाकू. मंग डाकू म्हना ना!’’

तर आम्ही डाकूंचा सिनेमा पाहिला, आणि मनापासून पाहिला. इंग्रजी येणाऱ्यांनी अशा सिनेमांना नाकं मुरडायची पद्धत आहे, पण मला तरी तो आवडला. तो जॅक स्पॅरो नावाचा कप्तान, डोळ्यांत काजळ घातलेला, चालताना झोके खाणारा, कधी शूर, कधी चक्क पळपुटा. जॉनी डेप हा नट त्या कामानं घराघरांत पोचला. समुद्राच्या तळाशी राहणारा डेव्ही जोन्स, त्याची दाढी म्हणजे वळवळणाऱ्या सोंडा. त्यानं आपलं काळीज स्वतःच्या छातीतून काढून पेटीत ठेवलेलं. राजकन्येच्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसं हे. आपल्या आजीची गोष्टच, फक्त साहेबाच्या खर्चानं सांगितलेली. शेवटी एक महाकाय जलचर जॅकला जहाजासकट गिळतो आणि सिनेमा संपतो. पोरगा खुर्चीतून उठेना. ‘‘मामा, असा कसा संपला?’’ मी म्हटलं, ‘‘पुढच्या वर्षी तिसरा भाग येणार आहे.’’

पण या दुसऱ्या भागात एक गोष्ट होती. ती त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोरून गेली, डोक्यात शिरली नाही. सिनेमातला खरा खलनायक तो सोंडांच्या दाढीचा राक्षस नाहीच. खरा खलनायक आहे एक नीटनेटका, बुटका, पांढरा केसांचा टोप घातलेला गोरा साहेब. त्याचं नाव बेकेट. तो ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस आहे. जॅकच्या मनगटावर इंग्रजी ‘पी’ अक्षराचा डाग आहे, ‘पी’ म्हणजे पायरेट. तो डाग कंपनीनं तापल्या लोखंडानं दिलेला आहे. आणि गंमत अशी की दुसऱ्या भागात तोच बेकेट जॅकसाठी एक सनद तयार ठेवतो. ती सनद घेतली की जॅक चाचा राहणार नाही, सरकारी परवान्यानं लूट करणारा इज्जतदार माणूस होईल. जहाज तेच, तलवार तीच, लूट तीच. फरक एका कागदाचा.

आता २००७ सालचा उन्हाळा. तिसरा भाग आला, ‘ॲट वर्ल्ड्स एंड’. या वेळी मी बहिणीकडे अकोल्याला गेलो होतो. अकोल्याचं ऊन मी तुम्हाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या घरात. टॉकीजमधले पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते. भाचा माझ्या शेजारी. पडद्यावर जगभरातल्या चाच्यांची सभा भरलेली. नऊ समुद्रांचे नऊ सरदार. चीनकडचा एक, फ्रान्सचा एक, आणि त्यांत एक हिंदी महासागराचा. मोठं पागोटं, भरजरी कपडे. त्याच्या वतीनं त्याचे सेवकच बोलतात. ते नाव घेतात, ‘श्री सुंभाजी’. हा श्री सुंभाजी बराच वेळ गप्प असतो. मग युद्धाचा निर्णय होतो तेव्हा तो एकदाच तोंड उघडतो आणि बारीक, चिरक्या आवाजात एक वाक्य बोलतो. टॉकीज खो-खो हसलं. भाचा हसला. मीही हसलो.

घरी येताना रस्त्यात त्यानं विचारलं, ‘‘मामा, तो सुंभाजी म्हंजे संभाजीच ना? आपल्यासारखं नाव कसं काय त्याचं? खरा होता काय तो?’’

श्रोतेहो, मी हायस्कूलचा मास्तर. इतिहास शिकवत होतो. त्या दिवसापर्यंत वीस वर्षं शिकवला होता. आणि मी त्या पोराला उत्तर दिलं, ‘‘सिनेमावाल्यांनी काहीतरी नाव ठेवून दिलं असेल.’’

रात्री गच्चीवर झोप येईना. गर्मी होतीच, पण उत्तराची टोचणीही होती. पुढं ग्रंथालयात बसून वाचलं. त्या पात्राचं पूर्ण नाव श्री सुंभाजी आंग्रिया. आंग्रिया म्हणजे आंग्रे. इंग्रज कागदपत्रांत आंग्र्यांना आंग्रियाच म्हणत. म्हणजे आम्ही ज्याला पाहून हसलो, त्याचं नाव सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या मुलाचं, संभाजी आंग्र्यांचं होतं. आणि ते काम केलं होतं मार्शल मनेश नावाच्या इराणात जन्मलेल्या अमेरिकन नटानं. नटाचा काही दोष नाही. दोष माझा. मी शिकवत असलेल्या पुस्तकात कान्होजींवर मोजक्या ओळी होत्या, त्या मी वाचून पुढं जात होतो. आमच्या वर्गात गडांच्या लढाया रंगायच्या, आरमाराचा परिच्छेद ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला जायचा. समुद्र आपला नाही, असं मनात कुठंतरी बसलेलं.

त्या परिच्छेदात जे मावलं नव्हतं ते थोडक्यात सांगतो.

कान्होजी आंग्रे हे मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख. सरखेल हा त्यांचा किताब. अलिबागजवळचा कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे त्यांचे आधार. १७१३ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनं ते शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि सरखेलपद कायम झालं. म्हणजे हा माणूस एका राज्याचा नेमलेला अधिकारी होता. कोकणच्या किनाऱ्यावर व्यापार करायचा तर आमचं दस्तक घ्या, नाहीतर जहाज पकडलं जाईल, हा त्यांचा नियम. दस्तक म्हणजे परवाना. हा नियम काही त्यांनी शोधून काढलेला नव्हता. पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच करत होते, त्यांच्या परवान्याचं नाव होतं कार्ताझ. इंग्रज कंपनीही स्वतःचे परवाने देत होती. मग परवाना मागणारा पोर्तुगीज राज्यकर्ता, परवाना मागणारा इंग्रज व्यापारी, आणि परवाना मागणारा मराठा तेवढा चाचा? कंपनीच्या कागदांत तसंच लिहिलं गेलं.

याच्या उलटं उदाहरणही ऐका. १६९५ साली हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रजानं मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं गंज-इ-सवाई हे जहाज लुटलं. यात्रेकरूंचे, बायकांचे अतोनात हाल केले. हा मात्र खराखुरा चाचा. तेव्हा मुघलांनी सुरतेच्या इंग्रजांना कैदेत टाकलं, कारण त्यांच्या लेखी सगळे इंग्रज चाचेच होते. कंपनी म्हणत राहिली, तो आमचा माणूस नव्हे. म्हणजे हा शब्द एकदा कंपनीच्याही अंगावर आला होता, आणि तेव्हा तिला तो फार झोंबला होता.

कान्होजींना मोडायचे प्रयत्न बरेच झाले. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून यानं खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर चालून आले. सोबत इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजं होती. तरीही हात हलवत परतले. आंग्र्यांचं बळ कशात होतं? त्यांच्या गुराबांवर तोफा असत. आणि गलबतं हलकी, शिडावरही चालत आणि वल्ह्यांवरही. वारा पडला की साहेबाचं अवजड जहाज जागच्या जागी उभं, आणि गलबतं वल्हवत येऊन त्याला घेरणार. आपल्याकडे काळ्या जमिनीत पाऊस पडल्यावर मोटार रुतते आणि रेंगी बाजूनं निघून जाते, तसंच म्हणा ना!

१७२९ साली कान्होजी गेले. १७३३ साली थोरले सेखोजी गेल्यावर भावांत तंटा झाला. कुलाबा मानाजींकडे राहिला आणि दक्षिणेकडचे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग संभाजींकडे. हाच आपला ‘श्री सुंभाजी’. सिनेमातल्या सुंभाजीला एक वाक्य आलं. खऱ्या संभाजींनी १७३५ साली कंपनीचं ‘डर्बी’ नावाचं मोठं जहाज पकडलं. इंग्लंडहून मालानं भरून आलेलं. मुंबईतल्या इंग्रजांना तो घाव पुष्कळ दिवस सोसावा लागला.

आणि शेवट? शेवट सांगताना साहेबाकडे बोट दाखवून भागत नाही. संभाजींनंतर तुळाजी आंग्रे आले. त्यांचं आणि पेशव्यांचं बिनसलं. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजींना नमवण्यासाठी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ साली कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तुळाजींनी पूर्वी कंपनीकडूनच पकडलेल्या एका जहाजावर तोफगोळा पडला, ते पेटलं आणि ती आग शेजारच्या जहाजांवर पसरत सगळं आरमार जळालं. किल्ल्यात सापडलेली दौलत इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. ती काही लूट म्हणून नोंदली गेली नाही! लंडनजवळच्या एका टेकडीवर १७८४ साली जेम्सच्या स्मरणार्थ एक मनोरा बांधला गेला, तो आजही उभा आहे. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. सेव्हर्नड्रूग म्हणजे आपला सुवर्णदुर्ग.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, हे सगळं कोकणातलं. आपल्या वऱ्हाडाचा याच्याशी काय संबंध?

सांगतो. समुद्रावरचा अडसर १७५६ मध्ये दूर झाला. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, तीच कंपनी अकोटजवळच्या अडगावला उभी होती. आर्थर वेलस्लीच्या फौजेनं भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढच्या १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा आपला मुलूख भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडे गेला. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. मग आगगाडी आली, आणि आपला कापूस मुंबईच्या बंदरातून विलायतेला निघाला. समुद्र आपण पाहिला नव्हता, पण आपल्या वावरातली बोंडं समुद्रावरून जात होती, आणि त्यांचा भाव समुद्रापलीकडे ठरत होता. सिनेमातला तो टोप घातलेला बेकेट काल्पनिक असेल, त्याची कंपनी मात्र आपल्या दारापर्यंत येऊन गेलेली आहे. मी गाविलगडावर दहा वेळा सहली नेल्या होत्या. पण गाविलगड आणि विजयदुर्ग ही एकाच गोष्टीची दोन पानं आहेत, हे मला त्या सुंभाजीनं शिकवलं.

पण एवढ्यावर थांबलो तर माझं बोलणं एकतर्फी होईल. आंग्र्यांनी माणसं कैद केली, खंडणी घेऊन सोडली. १७१२ साली कंपनीच्या एका अधिकाऱ्याची विधवा त्यांच्या कैदेत होती, तीही पैसे घेऊन सुटली. त्या काळात सगळेच तसं करत, हे खरं. पण कैदेत बसलेल्या माणसाला त्याचं काय समाधान? आपला माणूस म्हणून सगळं माफ, असं मला म्हणायचं नाही. आणि हे मी शहाणपणानं म्हणत नाही, घरच्या अनुभवानं म्हणतो.

कारण तो भाचा पुढं बोटीवर गेला. व्यापारी जहाजावर इंजिनीअर. अकोल्याच्या पोरानं समुद्रावर नोकरी धरली, त्यात त्या सिनेमांचा किती वाटा होता कोण जाणे. बहिणीनं मला फोनवर फैलावर घेतलं. ‘‘भाऊ, तुमीच त्याले ते सिनेमे दाखवले. इथं काय नोकऱ्या नाईत काय? समुद्रावर कायले पाठवता माह्या लेकराले?’’

तेव्हा सोमालियाच्या किनाऱ्यावरचे चाचे रोज पेपरात होते. २००८ साली ‘स्टोल्ट व्हेलर’ नावाचं जहाज एडनच्या आखातात पळवलं गेलं, त्यावर अठरा भारतीय खलाशी होते. दोन महिन्यांनी सुटले. ते पेपर बहिणीनं जपून ठेवले होते, मला दाखवायला. मध्ये काही वर्षं जरा शांततेची गेली. पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात ‘रुएन’ नावाचं जहाज पळवलं गेलं. भाच्याचं जहाज त्या वेळी त्याच समुद्रातून जात होतं. चार दिवस त्याचा निरोप नाही. बहीण देवापुढं बसून. टीव्ही लावू देईना आणि बंदही करू देईना. त्या चार दिवसांत जॅक स्पॅरो आठवला की मला माझीच लाज वाटायची.

त्याचं जहाज सुखरूप गेलं होतं, फक्त संपर्क नव्हता. आणि मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’नं ते रुएन जहाज सोडवलं. सतरा खलाशी सुखरूप, पस्तीस चाचे पकडून मुंबईला आणले. त्यांच्यावर खटला चालवायला आपला २०२२ चा चाचेगिरीविरोधी कायदा होताच. आपल्या नौदलाच्या मुंबईतल्या एका तळाचं नाव १९५१ पासून ‘आयएनएस आंग्रे’ आहे. ज्याला कंपनीनं चाचा म्हटलं, त्याचं नाव चाचे पकडणाऱ्या नौदलानं मानानं घेतलेलं आहे.

भाचा सुट्टीवर आला तेव्हा मी विचारलं, ‘‘बाबू, आता सांग, चाचा कोणाला म्हणायचं?’’

तो म्हणाला, ‘‘मामा, रात्री डेकवर पहारा असते ना, तवा दूर एखादी लहान नाव दिसते. ते मासोळी धरनारे हायेत का चाचे, दुरून कयत नाई. जवळ येऊन काय करतात, त्याच्यावरूनच कयते.’’

मला वाटतं, इतिहासालाही हीच कसोटी लावावी. दुरून कोणी चिकटवलेल्या नावावर जाऊ नये. कंपनीनं चाचा म्हटलं म्हणून चाचा नाही, आणि आपण वीर म्हटलं म्हणून सगळं क्षम्य नाही. जवळ जाऊन काय केलं ते पाहावं, आणि मग नाव द्यावं. त्या कसोटीवर कान्होजी आणि संभाजी आंग्रे मला आपल्या किनाऱ्याचे, आपल्या राज्याचे दर्यावर्दी सेनानी दिसतात. त्यांच्या नावावर पडद्यावर हशा मिळवला गेला. हसणाऱ्यांत मीही होतो.

म्हणून सिनेमा पाहू नका, असं मी मुळीच म्हणणार नाही. जरूर पाहा, मुलांना दाखवा. सिनेमावाल्यांनी साहेबाच्या कंपनीला खलनायक केलं, हा त्यांचा मोकळेपणा मानावा. आपल्या पडद्यावर गड जितके दिसले तितका समुद्र दिसला नाही, ही उणीव आपली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यांत खांदेरी आहे, सुवर्णदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे. या सुट्टीत कोकणात गेलात तर बीचवर भेळ खाऊन परत फिरू नका. एखादा जलदुर्ग पाहा. आणि तेही जमत नसेल तर अडगाव आणि गाविलगड तर आपल्या उंबऱ्याशी आहेत.

आणि येताना रस्त्यात मुलानं काही विचारलं, तर माझ्यासारखं ‘सिनेमावाल्यांनी काहीतरी नाव ठेवलं असेल’ असं म्हणून मोकळे होऊ नका. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, उद्या पाहून सांगतो’ म्हणा. मला ते म्हणायला वीस वर्षं मास्तरकी करूनही जमलं नव्हतं.